आज्ञापालन व्रत, ख्रिस्ती
ब्रह्मचर्य व दारिद्र्य यांच्यासह रोमन कॅथलिक व्रतस्थांनी घ्यावयाच्या तीन व्रतांपैकी एक. मरणापर्यंत पित्याच्या इच्छेत राहिलेला येशू हा त्याचा आदर्श होय. सेंट बेनिडिक्ट (सु. ४८०–सु. ५४७) यांच्या ७३ प्रकरणांच्या नियमावलीत विनाविलंब आज्ञापालन ही नम्रतेची पहिली पायरी मानली आहे. ही निव्वळ हुकमत मात्र नव्हे. महत्त्वाच्या प्रश्नी मठाधिपतीने सर्वांचे, अगदी कनिष्ठाचेही, मत ऐकावे. अशक्य आज्ञा झाल्यास मठवासियाने अडचण नम्रपणे मांडावी व तरीही ती कायम राहिल्यास ईश्वरावर भरवसा ठेवून पाळावी, असे तीत सांगितले आहे.

इग्नेशिअस लॉयोला यांनी १५५३ मध्ये पोर्तुगालमधील जेझुइटांना लिहिलेल्या पत्रात कृती, इच्छा व बुद्धी अशा तीन चढत्या पायऱ्या सांगितल्या. तिसरीत वरिष्ठाचा निर्णयच योग्य मानावयाचा; अपवाद पापाचा. बुद्धीचे हे समर्पण टीकाकारांना खटकले, ते अकारण नव्हे. पोप चौदावे क्लेमेंट यांनी १७७३ मध्ये संघ विसर्जित केला, तेव्हा या व्रताची खरी कसोटी लागली. बहुतेकांनी तो आदेश मानला. रशियात दुसऱ्या कॅथरिनने तो जाहीरच होऊ दिला नाही, त्यामुळे तेथे संघ टिकला. १८१४ मध्ये संघाची पुनःस्थापना झाली.