तेलाची वाटी आणि शांत झोप

किनवट तालुक्यात पैनगंगेच्या परिसरात उनकेश्वर नावाचे ठिकाण आहे. महादेवाचे जुने मंदिर आणि जवळच गंधकयुक्त गरम पाण्याचे झरे. शरभंग ऋषींना कुष्ठरोग झाला होता, प्रभू रामचंद्रांनी बाण मारून जमिनीतून हे गरम पाणी काढले आणि ऋषी बरे झाले, अशी कथा तिथे सांगितली जाते. त्वचेचे विकार जावेत, आखडलेले सांधे मोकळे व्हावेत म्हणून लोक लांबून येतात, या पाण्याने स्नान करतात आणि थोडे विसावतात. कुष्ठरोग झऱ्याच्या पाण्याने बरा होत नाही. त्यावर 1980च्या दशकापासून बहुविध औषधोपचार उपलब्ध आहे आणि तो सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो. पण ऊन पाण्याने थकलेले अंग सैल होते आणि रात्री झोप चांगली लागते, हा लोकांचा अनुभव मात्र खोटा नाही.

ऊन पाणी, तेल आणि चोळणारा हात या तीन गोष्टींवर आपल्याकडे विश्रांतीचे एक शास्त्रच उभे राहिले. आज मालिश म्हटले की मोठ्या हॉटेलातले पंचकर्म किंवा शहरातले स्पा डोळ्यांसमोर येतात. श्रीमंतांची चैन, असे आपण म्हणून टाकतो. या सुखाचा इतिहास आपल्या मराठवाड्यातूनच पाहिला तर काय दिसते? ही चैन नव्हती, ती दिनचर्या होती. पण या दिनचर्येत कोणाच्या वाट्याला तेल आले आणि कोणाच्या वाट्याला फक्त चोळणे आले, हेही त्यात दिसते.

सुरुवात ग्रंथांपासून करू. चरकसंहितेने आहार आणि ब्रह्मचर्य यांच्या जोडीने झोपेला शरीराचा आधारस्तंभ मानले. झोप न येण्याची कारणे सांगताना अतिश्रम, रोग, वाढलेले वय, प्रकृती आणि वात यांचा विचार केला. उपायांत औषधी काढ्यांची मोठी यादी नाही. अंगाला तेल लावणे, उटणे, स्नान, हळुवार अंग चेपणे, दूध, तूप, दहीभात, मनाला रुचेल असा गंध आणि आवाज, चांगले अंथरूण आणि ठरलेली वेळ, अशा घरगुती गोष्टी आहेत. तेल का लावायचे, हे सांगताना चरकाने दाखलेही रोजच्या कामातले दिले आहेत. तेल मुरलेला घडा टिकतो, तेल दिलेले कातडे मऊ राहते, वंगण दिलेला गाडीचा आस झिजत नाही, शरीराचेही तसेच. हा दाखला राजवाड्यातला नाही, कुंभाराच्या, चांभाराच्या आणि गाडीवानाच्या कामातला आहे.

पुढे वाग्भटाने अष्टांगहृदयात अभ्यंग रोज करावा असे सांगितले आणि डोके, कान व तळपाय यांवर विशेष भर दिला. या ग्रंथाचा एक महत्त्वाचा भाष्यकार आपल्या मराठवाड्याशी जोडलेला आहे. देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत. तेराव्या शतकातल्या या कारभाऱ्याने अष्टांगहृदयावर ‘आयुर्वेदरसायन’ नावाची टीका लिहिली. हेमाडपंताचे नाव आपण दगडी देवळांमुळे आणि मोडी लिपीमुळे घेतो, वैद्यकामुळे घेत नाही.

त्याच्याही आधी, लातूर जिल्ह्याला लागून असलेल्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणमध्ये, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर राज्य करीत होता. त्याने इसवी सन 1129च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्याच्या शंभर प्रकरणांपैकी वीस प्रकरणे राजाच्या उपभोगांवर आहेत. त्यांत स्नानाचे प्रकरण आहे, शय्येचे आहे आणि तळपायांना स्निग्ध पदार्थ चोळण्याचे, म्हणजे पादाभ्यंगाचे स्वतंत्र प्रकरणही आहे. पाय चोळून घेण्यावर एका राजाने प्रकरण लिहावे, यावरून या सुखाचे मोल कळते. मात्र राजाचे पाय चेपून झाल्यावर त्या सेवकांचे हात किती दुखत असतील, याचा विचार उपभोगांच्या यादीत कुठून येणार?

गावात हे सुख पोहोचले ते घाण्यामुळे. तेल हा शब्दच तिळापासून आला. तीळ, करडई आणि जवस ही या काळ्या जमिनीची जुनी गळिताची पिके. गावच्या तेल्याचा बैलघाणा या बिया गाळायचा, आणि घरातली तेलाची बुधली फोडणीलाही उपयोगी पडायची आणि अंगालाही. किनवट-माहूरच्या जंगलपट्ट्यात गोंड, कोलाम, आंध या लोकांकडे मोहाचे झाड होते. मोहाची फुले सर्वांना माहीत असतात, पण त्याच्या बियांचेही तेल निघते. थंडीत ते तुपासारखे थिजते, हातावर घेतले की विरघळते. ते स्वयंपाकात वापरायचे, फुटलेल्या टाचांना आणि दुखऱ्या गुडघ्यांनाही लावायचे. तेव्हा तेलाचा प्रश्न जमिनीने आणि झाडांनी सोडवला होता. हाताचा प्रश्न मात्र गावगाड्याने आपल्या पद्धतीने सोडवला.

बारा बलुतेदारांतला न्हावी फक्त हजामत करीत नसे. मोठ्या घरी पाहुणा आला, घरधनी प्रवासातून परतला, की अंग रगडण्याचे कामही त्याच्याकडे असे. मोबदला म्हणजे सुगीला मिळणारे बलुते. पण या कामालाही गावाच्या सीमा होत्या. ज्यांना अस्पृश्य ठरवले होते त्यांची हजामत गावचा न्हावी करीत नसे, मग अंग चोळण्याचा प्रश्नच कुठे आला? मालिश ही सर्वस्वी स्पर्शाची विद्या, आणि ज्यांनी दिवसभर सर्वांत जड ओझी वाहिली, त्यांनाच गावाने स्पर्श नाकारला. अभ्यंगाचे गोडवे गाताना इतिहासाचे हे पान उलटून पुढे जाता येत नाही.

या विद्येचे शब्दही आपल्या भागाचा इतिहास सांगतात. अभ्यंग संस्कृत; मालिश आणि हमाम हे शब्द फारसी-अरबीतून आलेले. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. किनवट तालुका तर तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होता आणि 1 नोव्हेंबर 1956च्या राज्य पुनर्रचनेत नांदेडला जोडला गेला. त्यामुळे इथे वैद्यांच्या अभ्यंगाशेजारी युनानी हकिमांचे ‘दलक’ही माहितीचे होते. मर्दन जोरात करावे की हळुवार, थोडा वेळ करावे की बराच वेळ, याचा बारकाईने विचार युनानी वैद्यकातही आहे.

आणि चंपी तर थेट इंग्लंडला गेली. पाटण्यात 1759 साली जन्मलेले, ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात राहिलेले शेख दीन महंमद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ब्रायटन या समुद्रकाठच्या गावी वाफेच्या स्नानाचे आणि चंपीचे केंद्र काढले. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांच्या सेवेत ते ‘शाम्पूइंग सर्जन’ म्हणून होते. चांपणे, म्हणजे दाबणे, या क्रियापदावरून इंग्रजांनी ‘शाम्पू’ शब्द घेतला आणि पुढे तो केस धुण्याच्या द्रवाला चिकटला. आपण तो बाटलीत भरून परत घेतला. चंपी तेवढी मागे राहिली.

घराच्या आत ही विद्या बायकांनी सांभाळली. बाळंतीण आणि बाळ यांना सुईण किंवा घरातली आजी तेल लावायची. बाळाला पायांवर पालथे घ्यायचे, तेल जिरवायचे, ऊन पाण्याने न्हाऊ घालायचे, मऊ कपड्यात गुंडाळायचे, की बाळ गाढ झोपी जायचे. फ्रेंच डॉक्टर फ्रेडरिक लबॉये यांनी कोलकात्याच्या बाजूला शांतला नावाच्या एका आईला बाळाला असे तेल लावताना पाहिले आणि 1976 साली तिच्याच नावाचे पुस्तक काढले. युरोपातल्या आयांनी त्यातून बाळाचे मालिश शिकून घेतले. भारतीय डॉक्टरांनी 125 तान्ह्या बाळांवर केलेला एक अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. चार आठवडे मालिश केलेल्या बाळांची, विशेषतः तिळाचे तेल वापरलेल्यांची, वाढ चांगली झाली आणि मालिशनंतर ती अधिक चांगली झोपली, असे त्यात आढळले. आजीचे बरेच काही बरोबर होते. सगळेच मात्र नव्हे. बाळाच्या नाकाकानांत तेल सोडणे घातक आहे, कारण नाकातले तेल फुप्फुसात उतरू शकते. बंद खोलीतला शेगडीचा धूरही बाळ-बाळंतिणीला बाधतो.

देणारा आणि घेणारा यांच्यातली पायरी पुसली गेली ती तालमीत. लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार 1969 साली महाराष्ट्र केसरी झाले. त्यांच्यासारखे मल्ल ज्या तालमींत घडतात, तिथली मेहनत जोर-बैठकांवर संपत नाही. आखाड्याच्या मातीतही तेल, ताक, हळद मिसळलेली असते. मेहनत झाली की एक पैलवान दुसऱ्याचे अंग रगडतो आणि मग दुसरा पहिल्याचे. ज्याची पाठ रगडून घ्यायची, त्याची पाठ आपणही रगडायची, हा तालमीचा रिवाज मला या सगळ्या इतिहासात फार मोलाचा वाटतो.

आता झोपेकडे येऊ. पायांना तेल लावले की झोप का येते? झोप लागण्यापूर्वी शरीराच्या आतले तापमान किंचित उतरावे लागते. ही उष्णता बाहेर पडते ती मुख्यतः हातापायांच्या त्वचेतून. 1999 साली ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकात स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी दाखवून दिले, की पाय उबदार असले तर झोप लवकर लागते. पुढे 2019 साली अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले. झोपण्याआधी एक-दोन तास 40 ते 42.5 अंश सेल्सिअसच्या ऊन पाण्याने अंघोळ केली, तर झोप सरासरी दहा मिनिटे लवकर लागते, असे त्यातून दिसले. वाग्भटाचे तळपाय आणि उनकेश्वरचे ऊन पाणी यांची संगती इथे लागते. काशाच्या वाटीने तळपाय घासण्याची आपल्याकडची रीतही यातलीच. वाटी काळी पडते ती मात्र ‘अंगातली उष्णता बाहेर आली’ म्हणून नव्हे. तूप आणि धातू एकमेकांवर घासल्याने तो काळेपणा येतो. झोप येते ती संथ घासण्याने आणि पायांत खेळणाऱ्या रक्ताने.

मालिशचा पुरेपूर लाभ घ्यायचा तर जुन्यांचे साधे नियम आजही चालतात. जेवणावर लगेच तेल लावू नये, दोन-तीन तास जाऊ द्यावेत. तेल कोमट असावे. हात संथ आणि एकसारखा फिरावा; जोर लावला म्हणजे गुण जास्त येतो असे नाही. सांध्यांवर गोल, हातापायांवर लांब. नंतर थोडे पडून राहावे आणि डाळीचे पीठ लावून ऊन पाण्याने अंघोळ करावी. रोज सर्वांगाला जमत नसेल तर रात्री तळपाय आणि डोके एवढे पुरते. त्या वेळी दूरचित्रवाणी आणि मोबाइल बंद असावेत, दिवा मंद असावा, झोपेची वेळ रोज तीच असावी. ताप किंवा अजीर्ण असताना तेल लावू नये, हे जुन्या वैद्यांनीच बजावले आहे. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला तर तो मुळीच चोळू नये, रक्ताची गुठळी असू शकते. झोपेत मोठ्याने घोरणे आणि श्वास अडकणे, किंवा आठवडेच्या आठवडे झोप न येणे, यावर तेल हा उपाय नाही. तिथे डॉक्टरच हवा.

बलुतेदारी मोडली हे चांगलेच झाले. कोणी जन्माने कोणाचे पाय चेपायला बांधलेला असू नये. पण तिच्याबरोबर तेलाची वाटीही घरातून उठली आणि आता आपण ती दिवाळीच्या पहाटे, नरक चतुर्दशीला, वर्षातून एकदा काढतो. नांदेड-लातूरच्या गावांतून आणि तांड्यांतून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला हंगामात एवढीही सवड मिळत नाही. ज्या अंगाला तेलाची सर्वांत जास्त गरज आहे, ते आजही न चोळताच झोपते, आणि घरची बाई सर्वांच्या शेवटी झोपते.

यावर औषध खर्चाचे नाही. वाटीभर कोमट तेल आणि पंधरा मिनिटे पुरतात. फक्त आजवर जिने सगळ्यांना तेल लावले, तिचे पाय आज कोणीतरी पुढ्यात घ्यावेत. मुलाने आईचे घ्यावेत, नवऱ्याने बायकोचे घ्यावेत. तालमीतला रिवाज घरात यायला काहीच हरकत नाही.