सोन्याची कुऱ्हाड आणि शेतातला सरवा

‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण आपण सर्वांनीच ऐकली आहे. काळ्या कसदार मातीचा हा गौरव यथार्थ आहे. परंतु ते सोने कोणाच्या घरात साठले, हे म्हण सांगत नाही. राष्ट्राच्या समृद्धीचा विचार करताना नेमका हाच प्रश्न विचारावा लागतो, आणि वाशीमच्या इतिहासात त्याचे उत्तर शोधता येते.

आजचे वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या शाखेतील राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले. त्या युगाचे वैभव आपण शिल्पांत पाहतो. कुणब्याच्या चुलीची नोंद मात्र लेखांत सापडत नाही.

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, तेव्हा वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आला. समृद्धी आता कापसाच्या गाठींनी मोजली जाऊ लागली. आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात याच संपन्न मुलखात माणसे अन्नावाचून मेली. तरीही माप बदलले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी कारंज्यावरून यवतमाळ–मूर्तिजापूर ही अरुंद रुळांची गाडी धावू लागली, तीही मुख्यतः कापसासाठीच.

स्वातंत्र्यानंतर माप बदलले. १९६५ मध्ये ‘जय जवान, जय किसान’ ही घोषणा देशभर दुमदुमली. मुख्यमंत्री वसंतराव नाईक (१९६३ ते १९७५) यांनी संकरित ज्वारीचा हिरिरीने प्रसार केला, आणि १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीने अनेकांच्या घरी चूल पेटती ठेवली. देशाला धान्यात स्वयंपूर्ण करणारे ते ध्येय थोर होते, यात शंका नाही. परंतु देशाचे कोठार भरले म्हणजे शेतकऱ्याची कणगी भरतेच असे नाही. बियाणे, खते, औषधे यांचा खर्च वाढत गेला, कर्ज डोईजड झाले आणि विदर्भातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी देश हादरला. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. त्यांत वाशीमही होते.

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा २०१८ मध्ये देशाच्या ‘आकांक्षित’ जिल्ह्यांच्या यादीत आला. तेथे प्रगती मोजताना आरोग्य, पोषण, शिक्षण, शेती आणि पाणी यांची गणना होते. गाठी आणि पोती यांच्यापुढे जाऊन बालकाचे वजन पाहणारे हे माप आम्हांला अधिक माणुसकीचे वाटते. मात्र आकडे सुधारले म्हणजे न्याय झाला, असे मानण्याची घाई नको.

ख्रिस्तसभेची शिकवण येथे दिशा दाखविते. पोप सहावे पौल यांनी १९६७ च्या ‘पॉप्युलोरुम प्रोग्रेसिओ’ या परिपत्रकात खरा विकास प्रत्येक माणसाचा आणि संपूर्ण माणसाचा असतो, असे सांगितले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’मध्ये धरतीचा आणि गरिबांचा आक्रोश एकत्रच ऐकावयास शिकविले.

लेवीय ग्रंथात शेताच्या कडेचे पीक कापू नये, सरवा गरिबांसाठी आणि परक्यांसाठी ठेवावा, अशी आज्ञा आहे. त्या सरव्यावरच विधवा रूथ आणि तिची सासू जगल्या. कापणीनंतर दुबळ्यासाठी शेतात काय उरले, हे समृद्धीचे सर्वांत जुने माप आहे. ते राष्ट्राला लागू आहे, तसेच आपल्या धर्मग्रामांना आणि घरांनाही. यंदाच्या मिळकतीचा हिशेब मांडताना सरव्याची एक ओळ आपण त्यात लिहिणार आहोत काय?