बेचाळीसच्या रेडिओचा तंत्रज्ञ

काँग्रेस रेडिओ म्हटले की उषा मेहता यांचे नाव आठवते, आणि ते योग्यच आहे. पण बावीस वर्षांच्या या तरुणीचा आवाज ज्या यंत्राने देशभर नेला, ते यंत्र जुळवणाऱ्या माणसाबद्दल फारसे बोलले जात नाही. त्याच्या कथेचा शेवट गोड नाही, हे त्याचे कारण असावे.

नरिमन प्रिंटर हे मुंबईचे पारशी गृहस्थ. रेडिओचे तंत्र ते इंग्लंडमध्ये शिकून आले होते. हौशी प्रक्षेपणाचा परवानाही त्यांच्याकडे होता. १९३९मध्ये महायुद्ध सुरू होताच सरकारने असे परवाने रद्द केले. हौशी मंडळींची यंत्रे मुकी झाली. पण हातातली विद्या कोणाला जप्त करता येते?

८ ऑगस्ट १९४२ रोजी गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे नेते गजाआड गेले, वृत्तपत्रांची मुस्कटदाबी झाली. चळवळीच्या बातम्या लोकांपर्यंत पोचवायच्या कशा? उषाबेन, बाबूभाई खाखर, विठ्ठलभाई व चंद्रकांत झवेरी यांनी गुप्त नभोवाणीचा ध्यास घेतला. ‘शिकागो रेडिओ’च्या नानक मोटवाने यांनी साहित्याची मदत केली, प्रिंटर यांनी ट्रान्समीटर उभा केला. राममनोहर लोहियांसारखे भूमिगत नेते मजकूर पुरवू लागले. ऑगस्ट सरण्यापूर्वीच ४२.३४ मीटरवर हे केंद्र बोलू लागले.

हा आकडा पाहण्यासारखा आहे. ४० मीटरचा पट्टा हौशी प्रक्षेपकांचा. सरकारने त्यांना जिथून हुसकावले, तिथेच हा आवाज उमटला! शिवाय या लघुलहरी आकाशातील विद्युतभारित थरावरून परावर्तित होतात. त्यांना सह्याद्रीची अडचण नाही. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीच्याही कितीतरी वरून त्या पलीकडे दूरवर उतरतात. चितगावची बाँबफेक, जमशेदपूरचा संप, आष्टी-चिमूरचे अत्याचार, सेन्सॉरने अडवलेल्या अशा बातम्या या लहरींनी वाहिल्या.

मात्र लहर आपला माग ठेवते. दोन ठिकाणांहून तिची दिशा मोजली की रेषा जिथे छेदतात, तिथे केंद्र सापडते. म्हणून चौपाटी, वाळकेश्वर, गिरगाव, महालक्ष्मी असा बिऱ्हाडबदल सतत चालू होता. यंत्रांना या केंद्राने बराच काळ हुलकावणी दिली. माणसापुढे मात्र ते हरले.

प्रिंटर पोलिसांच्या हाती लागले आणि ठिकाण फुटले. १२ नोव्हेंबर १९४२च्या रात्री गिरगावातील पारेखवाडीत पोलीस दारे फोडून शिरले. उषाबेन आणि चंद्रकांत झवेरी प्रक्षेपण करीतच होते. ‘वंदे मातरम्’ची तबकडी बंद करण्याचा हुकूम त्यांनी मानला नाही.

पुढे उषाबेनची महिनोन्‌महिने चौकशी झाली. परदेशी शिक्षणाचे आमिषही दाखवले गेले. जिचा आवाज देशाने ऐकला होता, तिने कोठडीत तोंड उघडले नाही. चार वर्षांची शिक्षा झाली. १९४६मध्ये ती सुटली. पुढे मुंबई विद्यापीठात तिने राज्यशास्त्र शिकवले. १९९८मध्ये पद्मविभूषण मिळाले, २०००मध्ये तिचे निधन झाले.

प्रिंटर यांना देशद्रोही म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण धोका ठाऊक असूनही यंत्र त्यांनीच उभारले होते, हेही विसरता येत नाही. विज्ञानाने आवाज दूर नेता येतो. वेळ आली की गप्प राहण्याचे बळ मात्र ज्याचे त्यालाच कमवावे लागते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)