थ्री फेज कधी येणार?

२००५ नंतरची सात-आठ वर्षं ज्यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यात काढली, त्यांना हा प्रश्न पाठ असेल. पारावर, एसटीत, लग्नाच्या मांडवातसुद्धा तो विचारला जाई. घरात दिवा जळतोय, पंखा फिरतोय, टीव्हीवर मालिका सुरू आहे, आणि तरी घरधनी म्हणतोय, "मोटारीची लाइट नाही." शहरातून आलेला पाहुणा गोंधळायचा. लाइट आहे की नाही? होती, पण सिंगल फेज. तिच्यावर उजेड पडायचा. विहिरीतलं पाणी वर यायचं नाही आणि गिरणीत पीठ पडायचं नाही.

फरक समजायला जातं आठवा. एकटी बाई दळते तेव्हा प्रत्येक फेऱ्यात तिचा जोर एकदा ओसरतो. तिघींनी खुंट्याला हात लावला आणि एकीचा जोर संपता संपता दुसरीचा सुरू झाला, तर जातं अडखळत नाही. थ्री फेजमध्ये तीन तारांतला दाब असाच एकामागोमाग एक चढतो-उतरतो, सेकंदाला पन्नास वेळा. त्यामुळे मोटारीतलं चुंबकीय बल आपोआप गोल फिरतं आणि आतला दांडा त्याच्यामागे धावतो. सिंगल फेजमध्ये हे बल जागच्या जागी मागेपुढे होतं. मोटार नुसती घूंऽऽ करत बसते. तिला पहिला धक्का द्यायला कंडेन्सर लागतो.

ही युक्ती जगाने नीट पाहिली ती १८९१ साली जर्मनीत. मिखाइल दोलिवो-दोब्रोवोल्स्की हा एईजी कंपनीतला रशियन इंजिनिअर थ्री फेज मोटारीवर काम करत होता. फ्रँकफर्टला विजेचं प्रदर्शन भरलं, तेव्हा वीज आणली लाउफेन गावच्या नदीवरून, १७५ किलोमीटर लांबून. प्रदर्शनात तिने हजारेक दिवे लावले आणि शंभर हॉर्सपॉवरच्या मोटारीवर पंप चालवून एक खोटा धबधबा वाहता केला. नदीच्या पाण्याने वीज करायची आणि तिने दुसरीकडे पुन्हा पाणी उपसायचं! आपल्या शेतकऱ्याला यात नवल वाटलं नसतं. त्याची अर्धी शेती याच उद्योगावर चालते.

मुंबईत हे तंत्र गिरण्यांसाठी आलं. कोळसा, बॉयलर आणि वाफेवर चालणाऱ्या कापड गिरण्यांना १९१५ पासून टाटांची खोपोलीची वीज मिळू लागली. लोणावळ्याच्या तलावांतलं पाणी घाटाखाली सोडून ती तयार होई. विजेची भूक वाढली तशी धरणं वाढली. १९२१ मध्ये मुळशीच्या शेतकऱ्यांनी आणि सेनापती बापटांनी जमिनी वाचवायला सत्याग्रह केला. जमिनी बुडाल्याच. मुंबईला लागणारी ताकद मावळच्या भातखाचरांवरून गेली, हे गिरणगावाच्या इतिहासात फार कमी वेळा लिहिलं जातं.

मराठीत कापडाची ती गिरणी आणि पिठाची तीही गिरणीच. १९६० मध्ये वीज मंडळ स्थापन झालं आणि पुढच्या दशकांत खेडोपाडी तारा गेल्या, तेव्हा गावातली पहिली थ्री फेज इमारत बहुतेक ठिकाणी ही दुसरी गिरणी असे. पत्र्याचा गाळा, साडेसात किंवा दहा हॉर्सपॉवरची मोटार, चामडी पट्टा, आणि भिंतीशी ओळीने लावलेले डबे.

मग तुटवडा आला. एन्रॉनचा दाभोळचा प्रकल्प २००१ मध्ये बंद पडला, मागणी वाढत राहिली, आणि २००५ मध्ये मंडळाचं विभाजन होऊन महावितरण आलं (लोक आजही एमएसईबीच म्हणतात) तेव्हा खेड्यांत रोज कित्येक तासांचं भारनियमन सुरू होतं. अंधाराने चिडलेल्या गावांना निदान दिवा द्यावा, म्हणून उपकेंद्रात अशी जोडणी केली की ठरावीक तास गावात फक्त सिंगल फेज यावी. हिशेबाच्या दृष्टीने हुशारीची गोष्ट होती: दिवे-पंखे चालतील, पंप थांबतील. पण मला ती कधी न्याय्य वाटली नाही. कोणाला उजेड पुरतो आणि कोणाला ताकद हवी, हे उपकेंद्रातल्या जोडणीने ठरवून टाकलं होतं.

शेतकऱ्यांनी अर्थातच वाट काढली. मोटारीला कंडेन्सर जोडून सिंगल फेजवर पंप चालवला. गुजरातेत याच जुगाडाला 'तोटा' म्हणत. मोटार कमी ताकदीने चालायची, तापायची आणि जळायची. सगळा भार एकाच बाजूला आला की डीपीही जळायची, आणि मग अख्खं गाव अंधारात. तालुक्याच्या रिवाइंडिंगवाल्यांकडे जळक्या मोटारींचा ढीग लागायचा. पुढे गुजरातच्या ज्योतिग्राम योजनेसारखे आपल्याकडेही गावठाणाचे फीडर वेगळे झाले. गावाला पूर्ण वीज, शेताला पाळीने: कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीच्या पाळीत बॅटरी घेऊन सापा-विंचवात दारं धरणं आलं.

पिठाच्या गिरणीवाल्याला मात्र तोपर्यंत थांबणं परवडलं नाही. थ्री फेज नाही म्हणून डबे दोन-दोन दिवस पडून राहत. काहींनी डिझेल इंजिन लावलं. बायकांनी सोपा मार्ग निवडला: घरघंटी. एका हॉर्सपॉवरची, साध्या प्लगवर चालणारी, कंडेन्सरचा धक्का आतच असलेली. जिल्हा परिषदांनी अनुदानावर वाटलेल्या यंत्रांतही ती होती. जे दळण गाळ्यात जाई ते घरी राहिलं.

असे कित्येक गाळे आता मोबाइल दुरुस्तीची किंवा झेरॉक्सची दुकानं आहेत. त्यांना थ्री फेज नको असते. अर्ज करून भार कमी करून घेतात, मीटर बदलतो, चार तारांच्या जागी दोन येतात. इथे एक गोष्ट वायरमन घाईत विसरतो. थ्री फेजमध्ये तिन्ही बाजूंचा भार सारखा असेल, तर न्यूट्रलमधून जवळजवळ काहीच वाहत नाही. म्हणून जुन्या वायरिंगमध्ये तीन सर्किटांना मिळून एकच न्यूट्रल दिलेला असतो. आता तिन्ही सर्किटं एकाच फेजवर बांधली, की तिघांचा प्रवाह बेरीज होऊन त्या एका तारेतून परततो. न्यूट्रलवर फ्यूज नसतो. तार भिंतीच्या आत तापत राहते आणि बाहेर कुणाला काही कळत नाही. म्हणून प्रत्येक सर्किटाला स्वतंत्र न्यूट्रल ओढायचा, किंवा वायरिंग नवं करायचं. दुकानदार हा खर्च टाळू बघतो, कारण भिंतीतलं वायरिंग गिऱ्हाइकाला दिसत नाही.

गंमत म्हणजे उलटा प्रवासही रोज तुमच्या डोक्यावरून होतो. मुंबईची लोकल वरच्या एका तारेतून सिंगल फेज घेते आणि डब्याखालच्या यंत्रणेत तिचं थ्री फेज करून मोटारी फिरवते. हीच करामत करणारी छोटी ड्राइव्ह आता बाजारात मिळते, पण गिरणीवाल्याने गाळा देऊन टाकला तेव्हा ती त्याच्या आवाक्यात नव्हती.

त्याच्या जुन्या बोर्डावर अजून लाल, पिवळा आणि निळा असे तीन दिवे आहेत. झेरॉक्सवाल्याने ते काढले नाहीत. फक्त लाल लागतो.