कच्चे मडके लोकांपुढे

वाचकहो, आठवड्याच्या बाजारात मडके घेताना आपण काय करतो? बोटाने ते वाजवून पाहतो. खणखणीत वाजले तर घेतो, बद्द वाजले तर बाजूला ठेवतो. म्हणजे आपली पारख सुरू होते ती मडके भाजून झाल्यावर. मडके चाकावर असताना कुंभार काही गिऱ्हाइकाला बोलावून "बघा बरं, काठ जमला का?" असे विचारीत नाही. परंतु संगणकाच्या जगात असे घडले आहे. कारागिरांनी आपली वस्तू चाकावर असतानाच साऱ्या जगाला दाखवली. ती वस्तू म्हणजे ब्राउझर. मोबाईलवर किंवा संगणकावर आपण हवामान, बाजारभाव, परीक्षेचा निकाल पाहतो, ते ज्या खिडकीतून पाहतो ती खिडकी. तिचा हा इतिहास आहे.

टिम बर्नर्स-ली यांनी 1990 साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत पहिला ब्राउझर तयार केला. पुढे अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या संगणककेंद्रात मार्क अँड्रीसन आणि एरिक बिना यांनी मोझेक नावाचा ब्राउझर लिहिला. जानेवारी 1993 मध्ये त्याची अपुरी आवृत्ती त्यांनी इंटरनेटवर ठेवली. ज्याला हवी त्याने उतरवून घ्यावी आणि काय बिघडते ते कळवावे, असा हा व्यवहार. अँड्रीसन पुढे नेटस्केप कंपनीत गेले, तेव्हा तोच रिवाज त्यांच्याबरोबर गेला. 13 ऑक्टोबर 1994 रोजी नेटस्केपची 0.9 ही आवृत्ती लोकांना मिळाली आणि पूर्ण झालेली 1.0 त्यानंतर डिसेंबरात आली. शून्याने सुरू होणारा हा आकडाच सांगत होता, की माल अजून कच्चा आहे.

इथपर्यंत लोकांना कच्ची वस्तू मिळत होती खरी, पण मिळायची ती मालकाच्या मर्जीने, अधूनमधून. आतले काम बंद दाराआडच चाले. मग मायक्रोसॉफ्टने आपला ब्राउझर विंडोजबरोबर फुकट देण्यास सुरुवात केली आणि नेटस्केपचे पाय डळमळू लागले. तेव्हा कंपनीने एक धाडस केले. 22 जानेवारी 1998 रोजी तिने जाहीर केले, की ब्राउझरची मूळ आज्ञावली, म्हणजे ज्यातून तो घडतो तो सारा मजकूर, आम्ही जगाला खुला करू. आज्ञावलीत दुसऱ्या कंपन्यांचे भाग मिसळलेले होते, ते वेचून काढावे लागले. सांकेतिक लिपीचा भाग अमेरिकेच्या निर्यातकायद्यामुळे वगळावा लागला. अखेर 31 मार्च 1998 रोजी मोझिला या नावाने ती खुली झाली.

आता इथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. आज्ञावली खुली झाली म्हणून ती सर्वांच्या उपयोगाची झाली, असे नाही. घराचा नकाशा हाती दिला म्हणून कोणाला त्यात राहता येत नाही. आज्ञावलीपासून चालता ब्राउझर तयार करण्याला 'बांधणी' म्हणू. हे काम जाणकाराचे. म्हणून मोझिलाने संगणकच या कामाला जुंपले. दिवसभर प्रोग्रामरांनी केलेले बदल एकत्र करायचे, त्यांतून ब्राउझर बांधायचा आणि तो सर्वांसाठी ठेवून द्यायचा, असे काम रोज चाले. याला 'रात्रीची बांधणी' असेच नाव पडले. टिंडरबॉक्स नावाच्या फलकावर बांधणी जमली तर हिरवा रंग, फसली तर लाल. लाल दिसले की नवे बदल थांबवून आधी आग विझवायची, हा शिरस्ता.

या रात्रीच्या बांधणीने काय साधले? ज्याला आज्ञावलीची एक ओळही लिहिता येत नाही, असा माणूस कारागिरांच्या पंगतीला बसला. तो ब्राउझर वापरी आणि बिघाड दिसला, की बगझिला नावाच्या उघड्या नोंदवहीत लिहून ठेवी: मी काय केले, काय व्हायला हवे होते, प्रत्यक्षात काय झाले आणि बांधणी कोणत्या तारखेची होती. तारीख कशासाठी? शिक्षकबंधूंनी हे गणित वर्गात जरूर करून पाहावे. समजा, एक बिघाड गेल्या 32 दिवसांत कधीतरी शिरला आहे. मग मधल्या दिवसाची बांधणी चालवून पाहायची. ती ठीक असेल तर दोष नंतरच्या 16 दिवसांत, बिघडलेली असेल तर आधीच्या 16 दिवसांत. असे निम्मे-निम्मे करीत गेले, की अवघ्या 5 चाचण्यांत नेमका दिवस सापडतो. त्या दिवशी कोणी काय बदलले, ते नोंदवहीत असतेच. सामान्य माणसाने चिकाटीने केलेल्या या शोधामुळे तज्ज्ञाचे कितीतरी दिवस वाचत.

पण याची दुसरी बाजूही आहे. ऑक्टोबर 1998 मध्ये मोझिलाने जुन्या आज्ञावलीचा बराच भाग टाकून नव्याने लिहायचे ठरवले. त्यात वर्षे गेली. नेटस्केप तोवर एओएल कंपनीकडे गेली होती आणि तिला थांबायला वेळ नव्हता. 14 नोव्हेंबर 2000 रोजी तिने नेटस्केप 6 हा ब्राउझर पक्का म्हणून बाजारात आणला. तो ज्या मोझिलावर उभा होता, ती स्वतःला अजून 1.0 म्हणवून घेत नव्हती! साहजिकच तो संथ चाले, मध्येच बंद पडे आणि लोकांनी नाके मुरडली. आता पाहा, जवळपास तोच कच्चा माल रात्रीच्या बांधणीतून हजारो लोक आनंदाने घेत होते, कारण तिथे 'हे कच्चे आहे' असे आधीच सांगितलेले होते. कच्चे असणे हा गुन्हा नव्हे, बरं का. कच्च्याला पक्के म्हणणे हा विश्वासघात.

मोझिला 1.0 आली ती 5 जून 2002 रोजी. तोवर दहांतील नऊहून अधिक लोक मायक्रोसॉफ्टचाच ब्राउझर वापरीत होते. मोझिलातील काही तरुणांनी मग आटोपशीर ब्राउझर करायला घेतला. सप्टेंबर 2002 मध्ये फिनिक्स 0.1 म्हणून तो लोकांपुढे आला. नावावर इतरांचा हक्क निघाल्याने तो आधी फायरबर्ड झाला आणि फेब्रुवारी 2004 मध्ये फायरफॉक्स. 9 नोव्हेंबर 2004 रोजी फायरफॉक्स 1.0 प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याला दोन वर्षे रोज वापरून पारखणारे लोक आधीच तयार होते. पुढच्या महिन्यात न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्याची दोन पानी जाहिरात आली. तिचा खर्च लोकांच्या वर्गणीतून झाला होता आणि वर्गणीदारांची नावे तिच्यात छापली होती.

आज हा रिवाज रूढ झाला आहे. गुगलने 2010 साली क्रोमची 'कॅनरी' नावाची कच्ची आवृत्ती काढली. पूर्वी कोळशाच्या खाणीत विषारी वायूची चाहूल लागावी म्हणून कॅनरी पक्षी नेत, त्यावरून हे नाव. 2011 पासून फायरफॉक्सनेही कच्चे, निमपक्के आणि पक्के अशा ठरलेल्या पायऱ्या आखल्या. मात्र कच्ची आवृत्ती घेणाऱ्याने पथ्य पाळावे: महत्त्वाचे काम तिच्यावर सोपवू नये आणि पक्की आवृत्ती शेजारी असू द्यावी.

यात आपले काय, असे कोणी विचारील. फायरफॉक्स मराठीतही मिळतो आणि ते भाषांतर स्वयंसेवकांच्या हातचे आहे. बटणावर मराठी शब्द मावत नाही, एखादे जोडाक्षर फुटून दिसते, हे परदेशातल्या प्रोग्रामराला कसे कळावे? ते मराठी वाचणाऱ्यालाच कळते आणि वस्तू पक्की होण्याआधी कळवले तर दुरुस्ती सोपी जाते. एखादा शिक्षक, एखादी विद्यार्थिनी हे काम करू शकते. त्याला पदवी लागत नाही. काळजीपूर्वक पाहणे आणि जे दिसले तेच, जसे दिसले तसे लिहिणे, एवढे जमले म्हणजे झाले. शाळेच्या वर्गात आपण मुलांना हेच तर शिकवतो.