बॉडी चकाचक, चेसी पोकळ?

जुनी लँडरोव्हर रिस्टोअर करायचीय? मग मंडळी, आधी गाडीखाली शिरा. १९४८ साली ब्रिटनमध्ये पोलादाची टंचाई होती, म्हणून रोव्हरने बॉडी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची केली. चेसी मात्र पोलादीच, पट्ट्या जोडून केलेली पोकळ पेटी. आत चिखलपाणी साचतं, गंज आतून खात जातो आणि वरचा रंग शाबूत दिसतो. सगळा भार तिच्यावरच, त्यामुळे हातोडीने ठोकून बघायचं: आवाज खणखणीत तर ठीक, बद्द तर पत्रा गेला. तो कापून नवा वेल्ड करायचा, मग अख्खी चेसी वितळलेल्या जस्तात बुडवायची. जस्त आतबाहेर बसतं आणि ओरखडा पडला तरी पोलादाआधी स्वतः झिजतं. गंमत म्हणजे १९४८च्या चाचणी-गाड्यांना हा मुलामा होताच! विक्रीच्या गाड्यांना फक्त रंग मिळाला. कारखान्याने सोडलेलं काम आता मालक पूर्ण करतोय.