मॉड्युलर लॅपटॉप

ज्याचे बहुतेक भाग वापरणाऱ्याला स्वतः काढता, बदलता वा वाढवता येतात, असा लॅपटॉप. पातळपणाच्या चढाओढीत २०१० नंतर अनेक उत्पादकांनी रॅम मदरबोर्डलाच सोल्डर केली आणि बॅटरी आत चिकटवली. अशा यंत्रात पुढे रॅम वाढवता येत नाही आणि ती बिघडली, तर बहुधा अख्खा मदरबोर्डच बदलावा लागतो. ग्राहकावर हा सरळ अन्याय आहे.

नीरव पटेल यांनी स्थापन केलेल्या फ्रेमवर्क या अमेरिकी कंपनीने २०२१ मध्ये वेगळी रचना बाजारात आणली. सोबत दिलेल्या एकाच स्क्रूड्रायव्हरने तिचा लॅपटॉप उघडतो. रॅम व एसएसडी खाचेत बसतात. यूएसबी, एचडीएमआय अशी जोडणीची तोंडे छोट्या कार्डांवर असल्याने हवी तशी अदलाबदल होते. सर्वांत मोलाची सोय मदरबोर्डची: २०२१ च्या सांगाड्यात २०२३ चा एएमडी प्रोसेसर असलेला बोर्ड बसतो. किंमत मात्र साध्या लॅपटॉपपेक्षा जास्त पडते.

महाराष्ट्रात सुट्या भागांसाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड व पुण्याची तपकीर गल्ली प्रसिद्ध आहे. गंगाखेडसारख्या तालुक्याच्या गावी अशी रचना अधिक उपयोगी ठरेल. यंत्र मोठ्या शहरात पाठवण्याऐवजी फक्त भाग मागवला की काम भागेल. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. त्यावर दुरुस्ती, सुटे भाग आणि वॉरंटी यांची माहिती मिळते.